इंग्रजी सबटायटल वाचा, कान मात्र मराठी ठेवा : पहिली कोरियन थ्रिलर पाहणाऱ्यांसाठी

‘स्ट्रेंजर’ मी पहिल्यांदा लावली आणि वीस मिनिटांत बंद केली. दुसऱ्यांदा एक भाग कसाबसा पूर्ण केला, पण कोण कोणाचा साहेब हेच कळेना म्हणून सोडून दिली. तिसऱ्यांदा आई शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल पळतात त्या वेगाने नाही. म्हणून मी प्रत्येक ओळ मराठीत मोठ्याने सांगत होते. एका प्रसंगात पोलीस अधिकारी असलेली नायिका नायकाशी बोलत होती. आईने विचारलं, "ही त्याला अरे-तुरे करतेय की अहो-जाहो?"

पडद्यावर नुसतं ‘यू’ होतं. मला उत्तर देता येईना. दहा सेकंद मागे गेले, सबटायटलकडे न बघता ऐकलं, पुन्हा मागे गेले. तिच्या बोलण्यात ‘गॉम्सानिम’ असा एक शब्द येत होता आणि वाक्याच्या शेवटी ‘यो’. ती त्याला अहो-जाहोच करत होती, तेही नावाने नाही, हुद्द्याने. इतके दिवस मी ही मालिका अर्धीच बघत होते हे तेव्हा लक्षात आलं.

इंग्रजी सबटायटल गोष्ट सांगतात. माणसं एकमेकांची कोण लागतात, कोण कोणापुढे वाकतं, कोणाचा आदर कुठल्या क्षणी संपला, हे मात्र त्यांतून गळून जातं. रहस्यकथेत निम्मे धागे तिथेच असतात. आपल्याला सोय अशी की तू, तुम्ही, आपण, दादा, वहिनी, साहेब हे सगळे कप्पे मराठीत तयार आहेत. कोरियन ऐकून त्या कप्प्यांत टाकायची सवय तेवढी लावायची. ती कशी लावायची आणि वाटेत कुठे कुठे फसायला होतं, ते खाली क्रमाने लिहिते.

उदाहरण म्हणून ‘स्ट्रेंजर’च घेते. मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘गुपितांचं अरण्य’. २०१७ च्या जून-जुलैमध्ये टीव्हीएन वाहिनीवर १६ भागांत ती दाखवली गेली. लेखिका ली सू-यॉन यांची ही पहिलीच मालिका, दिग्दर्शन आन गिल-हो यांचं. चो सुंग-ऊ आणि बे दूना प्रमुख भूमिकांत आहेत. खुनी कोण याचा सुगावा लागेल असं मी काहीही लिहिलेलं नाही, निर्धास्त वाचा.

सुरुवातीला काय जवळ हवं

- मालिका अधिकृतपणे जिथे आहे त्या ॲपचं खातं. कोणती मालिका कुठे आहे हे बदलत राहतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवशी शोधून खात्री करा.
- टीव्ही किंवा लॅपटॉप. मोबाइलवर पाहू नका. पडद्यावरचे मेसेज, पाट्या, फायलींवरची नावं हे सगळं महत्त्वाचं असतं आणि मोबाइलवर ते दिसतच नाही.
- बरे हेडफोन. एकटे पाहत असाल तर नक्कीच.
- वही आणि पेन.
- हाताशी मोबाइल, गूगल लेन्स असलेला. पडद्यावरचं कोरियन अक्षर वाचायला तो टीव्हीसमोर धरायचा.
- लॅपटॉपवर क्रोममध्ये नेटफ्लिक्स पाहणार असाल तर ‘लँग्वेज रिॲक्टर’ हे एक्स्टेन्शन. दोन भाषांचे सबटायटल एकाखाली एक दिसतात. हे ऐच्छिक आहे, पहिल्या मालिकेला नसलं तरी चालेल.
- वेळ. एकेक भाग तासाभराचा किंवा त्याहून मोठा. १६ भाग म्हणजे १६ तासांच्या वरच गणित जातं.

१. मालिका निवडताना

पहिली मालिका संपलेली असावी. चालू मालिकेचे सहसा आठवड्याला दोन भाग येतात आणि मधल्या पाच दिवसांत नवख्या माणसाच्या डोक्यातून अर्धी नावं पुसली जातात. शिवाय कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्री नऊला दाखवलेला भाग म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. तुम्ही ऑफिसातून निघेपर्यंत लोकांनी सगळं लिहून टाकलेलं असतं.

मी तीन नावं सुचवीन. ‘स्ट्रेंजर’ डोक्याने पाहायची मालिका आहे, तिच्यात मारामारी कमी आणि फायली जास्त. ‘सिग्नल’ (२०१६, १६ भाग, लेखिका किम उन-ही) जुन्या, न सुटलेल्या गुन्ह्यांवर आहे आणि मन हलवून सोडते. ‘बियॉन्ड ईव्हिल’ (२०२१, १६ भाग) एका लहान गावातल्या दोन पोलिसांची आहे, तिथे प्रत्येकावर संशय येतो.

इथे एक खड्डा आहे. झी५ वरची हिंदी ‘ग्यारह ग्यारह’ ही ‘सिग्नल’ची भारतीय आवृत्ती आहे आणि ‘दुरंगा’ ही ‘फ्लॉवर ऑफ ईव्हिल’ची. यांतली एखादी तुम्ही पाहिली असेल तर तिची मूळ मालिका पहिली म्हणून घेऊ नका. रहस्य आधीच माहीत असतं आणि मग ‘यात काय विशेष’ असं वाटून माणूस कोरियन मालिकांकडे परत फिरकत नाही.

२. सबटायटलचा योग्य पर्याय

बऱ्याच जणांची पहिली चूक इथेच होते. सेटिंगमध्ये कधी कधी दोन इंग्रजी पर्याय दिसतात, एक साधा ‘इंग्लिश’ आणि दुसरा ‘इंग्लिश सीसी’. सीसी हा ऐकू न येणाऱ्यांसाठी असतो, त्यात दार वाजल्याचं, पाऊस पडल्याचंही लिहिलेलं असतं. पण परभाषेतल्या मालिकांत तो अनेकदा इंग्रजी डबिंगच्या संवादांवर बेतलेला असतो. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीला जुळावं म्हणून वाक्यं बदलतात, आणि ती बदललेली वाक्यं तुम्ही मूळ कोरियन आवाजाखाली वाचत बसता. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ आल्यावर सबटायटलवरून जगभर जो वाद झाला, त्यात हा घोळ मोठा होता. आवाज कोरियन, सबटायटल साधं ‘इंग्लिश’, ही जोडी पक्की करा.

हिंदी डबिंगचं काय, असं मला नेहमी विचारतात. तिथे तू-तुम-आप येतं हे खरं. पण नटाचा आवाज जातो, आणि थ्रिलरमध्ये थरथरलेला आवाज, गिळलेला आवंढा हासुद्धा पुरावाच असतो. पहिली मालिका मूळ आवाजातच पाहा.

अक्षरांचा आकार मोठा करा, मागे गडद पट्टी ठेवा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. अनेक मालिकांत श्रेयनामावलीनंतर एखादा छोटा प्रसंग असतो आणि ॲप तो ओलांडून तुम्हाला पुढच्या भागात ढकलतं. आमचा असा एक प्रसंग चक्क चार भाग उशिरा सापडला.

३. नावांची वही

कोरियन नावात आडनाव आधी. ह्वांग शी-मोक म्हणजे ह्वांग आडनाव, शी-मोक नाव. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच देशातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं मावतात, म्हणून आडनावावर विसंबू नका. वहीत डाव्या बाजूला पूर्ण नाव, मध्ये हुद्दा, उजवीकडे एक ओळखीची खूण लिहा: ‘चष्मा, सतत फोनवर’, ‘नायकाचा सीनियर, गोड बोलतो’. पहिल्या दोन भागांत पाऊण पान भरतं आणि तिसऱ्या भागापासून वही उघडावीच लागत नाही.

लग्नानंतर कोरियन बाई आडनाव बदलत नाही, मुलं बापाचं आडनाव लावतात. त्यामुळे एकाच घरात आई आणि मुलाचं आडनाव वेगळं दिसलं तर त्यात गूढ काही नाही. उलट दोन भावांची आडनावं वेगळी निघाली तर वहीत ठळक खूण करा. सख्ख्या भावंडांच्या नावांत एक अक्षर समान ठेवण्याची पद्धतही आहे, तेही नजरेत असू द्या.

इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा धरू नका. एकच नाव एका ठिकाणी ‘सि-मोक’, दुसऱ्या ठिकाणी ‘शी-मोक’ असं लिहिलेलं सापडतं. ऐकू येतं तसं वहीत देवनागरीत लिहा. आपल्या लिपीत ते जास्त जवळ बसतं.

४. ‘यो’ ऐका

सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला द्या.

कोरियन भाषेत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. वाक्य ‘यो’ने किंवा ‘म्निदा’ने संपलं तर अहो-जाहो समजायचं. तेच वाक्य शेपूट गाळून तुटक संपलं तर अरे-तुरे. एवढी एकच गोष्ट कानाने पकडायला लागलात तरी अर्धं काम झालं. पहिले दोन-तीन तास मुद्दाम लक्ष द्यावं लागतं, पुढे ते आपसूक ऐकू येतं.

मग संबोधनं.

‘निम’ म्हणजे साहेब, मॅडम. हुद्द्याला जोडतात. गॉम्सानिम म्हणजे प्रॉसिक्यूटर साहेब. टीमजांगनिम म्हणजे टीमचे प्रमुख, यातला ‘टीम’ इंग्रजीच. साजांगनिम म्हणजे मालक, शेठ. ह्वेजांगनिम हा त्याहून वरचा, मोठ्या उद्योगसमूहाचा अध्यक्ष, आणि थ्रिलरमध्ये हा शब्द ऐकू आला की सावध व्हायचं.

नावापुढे ‘शी’ आलं तर सभ्य पण अंतर राखून. नावापुढे नुसतं ‘आ’ किंवा ‘या’ आलं तर अरे, अगं. आणि वाक्याच्या सुरुवातीलाच मोठ्याने ‘या!’ आलं तर तो आपला ‘ए!’.

सॉनबे म्हणजे कॉलेजातला किंवा नोकरीतला सीनियर. हे नातं जन्मभर टिकतं.

नात्याचे शब्द बोलणाऱ्यावर ठरतात. पुरुष मोठ्या भावाला ह्यंग म्हणतो, बाई ओप्पा म्हणते. पुरुष मोठ्या बहिणीला नूना म्हणतो, बाई ऑन्नी म्हणते. आपल्या दादा-ताईसारखेच हे शब्द रक्ताच्या नात्याबाहेरही चालतात. ह्यंगच्या बायकोला ह्यंगसुनिम, म्हणजे वहिनी. गुंडांच्या टोळीत प्रमुखाला ह्यंगनिम म्हणतात, तिथे आपल्याकडचं ‘भाई’ चपखल बसतं. आजॉश्शी म्हणजे अनोळखी काका. इंग्रजीत या सगळ्यांच्या जागी बहुतेक वेळा नुसतं नाव लिहिलेलं असतं. नट ‘ह्यंग’ म्हणतो आणि खाली त्या माणसाचं नाव उमटतं. कान बंद ठेवून वाचणाऱ्याला कळतच नाही की त्याने आत्ता ‘दादा’ म्हटलं.

याने किती फरक पडतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण ‘स्क्विड गेम’मध्ये आहे. पाकिस्तानी कामगार अली, जो आपल्या अनुपम त्रिपाठी यांनी साकारला, खेळातला सोबती सांग-ऊ याला आधी ‘साजांगनिम’ म्हणत असतो, जसा तो कारखान्याच्या मालकाला म्हणत आला आहे. सांग-ऊ त्याला ‘ह्यंग’ म्हणायला सांगतो. शेठचा दादा झाला. पुढे त्या दोघांत जे घडतं ते पाहताना हा शब्द कानात असेल, तर तो प्रसंग वेगळाच लागतो. माझ्या आईने तिथे टीव्ही थांबवायला सांगितला होता आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

‘स्ट्रेंजर’मध्ये नायक शी-मोक नायिकेला ‘ग्यंगवीनिम’ म्हणतो. ग्यंगवी हा तिचा पोलीस खात्यातला हुद्दा. ती त्याला गॉम्सानिम म्हणते. मोठ्या माणसांच्या खोलीत गेला की तो ‘ह्वांग गॉम्सा’ होतो, ‘निम’ गळतं. हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कोणाच्या खोलीत ‘निम’ गळतं आणि कोणाच्या खोलीत परत येतं, यावरून त्या इमारतीची उतरंड समजते.

आणि आदर बदलतो त्या जागा टिपा. कालपर्यंत ‘यो’ लावणारा माणूस आज एकदम तुटक बोलला, तर एकतर जवळीक वाढली आहे किंवा मुखवटा गळून पडला आहे. इंग्रजी ओळ मात्र दोन्ही दिवशी सारखीच असते.

५. वाक्याचा शेवट येऊ द्या

मराठीसारखंच कोरियनमध्येही क्रियापद शेवटी. नकारही बहुधा शेवटीच. ‘मारलं नाही’ हे ते ‘जुगिजी आनास्सॉ’ असं म्हणतात. ‘जुगिजी’ उच्चारून नट थांबतो. खोलीत सगळे श्वास रोखून. मग ‘आनास्सॉ’ येतं. आपल्या ‘मी त्याला मारलं… नाही’सारखाच तो थांबा आहे. इंग्रजीत ‘डिडंट’ आधीच येऊन जातं, आणि ओळ एकदम पूर्ण उमटते म्हणून नट थांबण्याआधी तुम्हाला उत्तर कळलेलं असतं.

खुनी कोण हे उघड होतानाही तेच. ‘बॉमिनुन’ म्हणजे ‘गुन्हेगार…’ आणि मग नाव. हा शब्द पाठ करून ठेवा. तो ऐकू आला की डोळे सबटायटलवरून उचला आणि चेहरा पाहा. नाव कानाने ऐकू येईलच, ते कोरियन कळत नसलं तरी ओळखू येतं. ओळ नंतर वाचा. चुकली तर दहा सेकंद मागे जा.

दुसरी अडचण कर्त्याची. आपण ‘मारलं’ एवढंच म्हणून थांबू शकतो, कोणी ते सांगावं लागत नाही. कोरियन माणूसही ‘जुग्यॉस्सॉ’ म्हणून थांबतो. इंग्रजीला ते जमत नाही, भाषांतरकाराला ‘आय’ किंवा ‘ही’ किंवा ‘शी’ निवडावंच लागतं. लेखिकेने मुद्दाम उघडी ठेवलेली जागा अशी बंद होते. शिवाय कोरियन क्रियापदाला लिंग नसतं. ‘बॉमिन’ हा शब्द पुरुषालाही चालतो आणि बाईलाही. मी आईला सांगताना पहिल्या भागापासून ‘तो खुनी’, ‘तो आला’, ‘त्याने केलं’ असंच म्हणत गेले आणि आईने मालिकेतल्या सगळ्या बायकांना संशयातून वगळून टाकलं. पाचव्या भागात ते लक्षात आलं. तेव्हापासून मी ‘ती व्यक्ती’ म्हणते. तुम्ही कोणासाठी मोठ्याने भाषांतर करत असाल तर हे जरूर पाळा.

६. ‘प्रॉसिक्यूटर’ म्हणजे आपला सरकारी वकील नव्हे

माझे पहिले दोन प्रयत्न फसले ते मुख्यतः यामुळे. आपल्याकडे तपास पोलीस करतात आणि सरकारी वकील कोर्टात बाजू मांडतो. म्हणून ‘प्रॉसिक्यूटर’ घटनास्थळी का आला, पोलीस त्याच्यापुढे का वाकतात, हे मला कळतच नव्हतं.

‘स्ट्रेंजर’च्या काळातल्या कोरियात गॉम्सा स्वतः तपास करतो, संशयिताची चौकशी आपल्या खोलीत करतो, त्याच्या हाताखाली स्वतःचे तपासनीस असतात आणि तो पोलिसांना आदेश देतो. अटकेचं किंवा झडतीचं वॉरंट न्यायाधीश देतो, पण ते मागायचा अधिकार गॉम्साचा. हे थेट राज्यघटनेच्या १२ व्या कलमात आहे. म्हणून मालिकेतले पोलीस ‘यॉंगजांग’, म्हणजे वॉरंट, यासाठी खेटे घालताना दिसतात, आणि वॉरंट अडवणारा गॉम्सा संशयाच्या भोवऱ्यात येतो.

तातडीची अटक वॉरंटशिवाय करता येते, पण मग ४८ तासांच्या आत कोठडीच्या वॉरंटसाठी अर्ज करावा लागतो, नाहीतर सोडावं लागतं. आपल्या डोक्यात २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचा नियम असतो. कोरियन मालिकेत कोणी घड्याळ बघत ‘४८ तास’ म्हणालं की ते हे.

गॉम्सांमध्ये बॅचला फार मान. आपल्या सनदी अधिकाऱ्यांसारखंच, कोण कोणत्या तुकडीचा यावर कोण कोणाला काय म्हणेल हे ठरतं. धाकट्या बॅचचा माणूस प्रमुख झाला तर वरच्यांनी राजीनामे देण्याचा रिवाज आहे. बढतीच्या बातमीने खोलीत सन्नाटा पसरतो तो त्यामुळे.

‘स्पॉन्सर’ हा शब्दही आपल्या अर्थाने घेऊ नका. गॉम्सांना खाऊपिऊ घालून, पाकिटं देऊन आपल्या खिशात ठेवणारा व्यावसायिक म्हणजे ‘स्पॉन्सर’. ‘स्ट्रेंजर’ची सुरुवातच अशा एका माणसाच्या खुनाने होते. ‘ब्लू हाउस’ म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय.

‘सिग्नल’ पाहणार असाल तर आणखी एक गोष्ट आधी माहीत हवी. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते हे आपण गृहीत धरतो. कोरियात ती होती. आधी १५ वर्षं, २००७ पासून २५ वर्षं, आणि २०१५ मध्ये ती रद्द झाली. मुदत संपली की खुनी समोर बसला तरी खटला चालवता येत नसे. ‘सिग्नल’चे पहिले दोन भाग याच घड्याळावर उभे आहेत. हे ठाऊक नसेल तर ‘एवढी घाई कशाची’ असं वाटत राहतं. या मालिकेला ह्वासंग परिसरातल्या १९८६ ते १९९१ मधल्या खऱ्या हत्याकांडाचा आधार आहे. मालिका आली तेव्हा तो खुनी सापडलेला नव्हता. २०१९ मध्ये डीएनएवरून त्याची ओळख पटली. तो दुसऱ्याच एका खुनासाठी १९९४ पासून तुरुंगात होता. मुदत संपलेली, म्हणून त्या खुनांसाठी त्याच्यावर खटला झाला नाही. हे वाचून मी ‘सिग्नल’ दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा मृतांच्या घरच्यांचे प्रसंग मला सलग बघवले नाहीत.

७. सबटायटल जे सांगत नाहीत ते पाहा

कोरियात मेसेजसाठी काकाओटॉक वापरतात, पिवळे फुगे असलेलं. पाठवलेल्या मेसेजशेजारी लहान ‘१’ दिसतो. समोरच्याने वाचला की तो नाहीसा होतो. बेपत्ता माणसाला पाठवलेल्या मेसेजशेजारचा ‘१’ डोळ्यांदेखत गेला, तर त्याचा फोन कोणीतरी आत्ता उघडला आहे. संवाद नाही, म्हणून सबटायटलही नाही. कॅमेरा दोन सेकंद तिथे थांबतो आणि नवखा प्रेक्षक म्हणतो, काहीच घडलं नाही.

‘ब्लॅकबॉक्स’ म्हणजे विमानातला नव्हे, गाडीच्या काचेवर बसवलेला कॅमेरा. रस्त्यावर उभी असलेली कुठलीही गाडी साक्षीदार होऊ शकते. ‘स्ट्रेंजर’च्या पहिल्या प्रकरणात हे कामाला येतं.

लिफ्टमध्ये ४ ऐवजी ‘एफ’ दिसलं तर तो चौथा मजलाच. चार आणि मृत्यू या दोन्हींचा कोरियन उच्चार ‘सा’ आहे. जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहिणं अशुभ मानतात.

अंत्यविधी बहुधा रुग्णालयाच्याच आवारातल्या दालनात, तीन दिवसांचा. दारात उंच पुष्पचक्रं उभी असतात आणि पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव. कोणाचं नाव आहे आणि कोणाचं काढून ठेवलं, हे कॅमेरा दाखवतो. इथे लेन्स वापरा. तुरुंगातून सुटलेल्याला पांढरा टोफू खायला देतात, पुन्हा आत जाऊ नये म्हणून.

चाकू किंवा सिगारेट धूसर दिसली तर तुमच्या टीव्हीत बिघाड नाही. कोरियन वाहिन्याच ते धूसर करतात.

जमलं तर हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, शिकून घ्या. १४ व्यंजनं, १० स्वर, आणि ते एकत्र बांधून एकेक अक्षर. बाराखडी येणाऱ्याला हे चार-पाच संध्याकाळींत बसतं. अर्थ कळला नाही तरी पाटीवरचं नाव वाचता येतं, आणि थ्रिलरमध्ये तेवढंही पुष्कळ.

८. रहस्य फुटू न देण्यासाठी

- मालिकेचं नाव गूगलवर टाकू नका. नावासोबत ‘किलर’, ‘एंडिंग’ असे शब्द आपोआप सुचवले जातात.
- नटाचं नाव शोधू नका. तो किती भागांत आहे हे कळलं की कोण मरणार हेही कळतं.
- भागांखालचे सारांश वाचू नका. एका ॲपवर अकराव्या भागाच्या नुसत्या चित्रावरून आमचं एक रहस्य फुटलं.
- काही ॲपवर प्रेक्षकांच्या टिप्पण्या चित्रासोबत सरकतात, त्या त्या सेकंदाला. पहिल्याच दिवशी बंद करा.
- भागाच्या शेवटी पुढच्या भागाची झलक असते. मी ती पाहत नाही. आई पाहते आणि मला सांगत नाही.

९. संपल्यावर

सोळावा भाग संपला की पहिला पुन्हा लावा, या वेळी सबटायटल शक्य तितके न वाचता. सोळा तास ‘यो’, ‘निम’, ‘ह्यंग’ ऐकून कान तयार झालेले असतात. पहिल्या वेळी नुसते सूट घातलेले पुरुष दिसत होते, तिथे आता कोण कोणाला घाबरतो, कोण कोणाला जपतो हे ऐकू येतं.

‘स्ट्रेंजर’चा दुसरा भागसंच २०२० मध्ये आला, तोही १६ भागांचा. तपासाचा अधिकार कोणाकडे असावा यावरून पोलीस आणि गॉम्सा यांच्यातली ओढाताण हा त्याचा विषय. प्रत्यक्षातही २०२१ पासून गॉम्सांचे तपासाचे अधिकार कायद्याने कमी झाले. त्यामुळे तो लावण्याआधी सहावी पायरी पुन्हा वाचा, नवीन माणसांसाठी वहीचं नवीन पान काढा आणि पहिल्या बैठकीच्या प्रसंगात टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण बसलं आहे तेवढं लिहून घ्या. पुढचं बरंच काही त्या टेबलाभोवतीच फिरतं.